आर्बरबाई वाचायच्या तर हातात ब्लेड घेऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. ॲग्नेस आर्बर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांचा फायलोड सिद्धांत आम्हाला दोन ओळींत सांगितला आणि 'आता तो मान्य नाही' म्हणून विषय संपवला. त्यांचं मूळ लेखन आज वाचण्यात काही अर्थ आहे का? आणि वाचायचं तर सुरुवात कुठून करायची?"

अर्थ आहे. पण सुरुवात चुकली की बाई हातातून सुटतात, हे मी स्वतःवरून सांगते. मी आधी १९५०चं 'द नॅचरल फिलॉसॉफी ऑफ प्लांट फॉर्म' उचललं होतं. नाव भारदस्त आणि पुस्तक बारीक, त्यामुळे वाटलं दोन रात्रींत होईल. उघडलं तर ॲरिस्टॉटल आणि थिओफ्रास्टस समोर! चाळीस पानांत कंटाळले आणि पुढची कित्येक वर्षं 'तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या एक जुन्या बाई' एवढीच त्यांची नोंद माझ्या डोक्यात राहिली. हे पुस्तक त्यांच्या पन्नास वर्षांच्या वनस्पतींवरच्या कामाचा शेवट आहे. शेवटाचं वजन कळायला आधीचं काम डोळ्यांखालून गेलेलं असावं लागतं.

तेव्हा आधी त्यांच्या कामाची पद्धत बघू. जन्म १८७९चा, लंडनचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि केंब्रिजचं न्यूनम कॉलेज इथं शिक्षण झालं. पण खरी तालीम मिळाली ती एथेल सार्जंट यांच्या घरगुती प्रयोगशाळेत, १९०२-०३च्या सुमारास. सार्जंटबाई एकदल वनस्पतींच्या रोपांचे सलग छेद घेत. सलग म्हणजे मेणात बसवलेल्या रोपाचा बुडापासून टोकापर्यंत एकही काप न गाळता. प्रत्येक वाहक वृंद, म्हणजे पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांची जुडी, कुठून निघाला, कुठे फुटला, कुणाला मिळाला, हे कापामागून काप पाहत जायचं. या कामात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते. आर्बरबाईंनी ही सवय जन्मभर सोडली नाही. १९०९मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ न्यूएल आर्बर यांच्याशी लग्न होऊन त्या केंब्रिजला आल्या. १९१८मध्ये पती वारले, त्याच वर्षी सार्जंटबाईही गेल्या. पदरी पाच वर्षांची मुलगी होती. १९२७पर्यंत त्या स्त्रियांसाठीच्या बाल्फोर प्रयोगशाळेत काम करत होत्या. ती बंद झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून बसल्या आणि 'द ग्रॅमिनी'सारखा ग्रंथ तिथून लिहिला. आकृत्या बहुतांशी स्वतः काढलेल्या. विद्यापीठात प्राध्यापकी कधीच नाही. १९४६मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री वनस्पतिशास्त्रज्ञ.

आता फायलोड सिद्धांत. तुम्हाला दोन ओळींत सांगितला, मी जरा ऐसपैस सांगते, कारण बाकी सगळं याच खुंटीला टांगलेलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच बाभूळवर्गीय झाडांना मोठेपणी पिसासारखी पानं येतच नाहीत. देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. त्याला फायलोड, मराठीत पर्णाभवृंत म्हणतात. एकदल वनस्पतींचं पानही असंच मूळ पातं गमावलेलं, देठ आणि पर्णतळ यांचंच बनलेलं असावं, ही कल्पना द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८२७मध्ये मांडली होती. आर्बरबाईंनी ती उचलली आणि १९१८मध्ये 'ॲनल्स ऑफ बॉटनी'त एका दीर्घ लेखात तिला शारीररचनेचा पुरावा जोडला. तो पुरावा काय होता हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत, आणि खरी मौज तिथेच आहे.

आयरिसचं एक पान घ्या. तलवारीसारखं चपटं असतं, पण खोडाकडे त्याची सपाट बाजू नसते, धार असते. बुडाशी मात्र ते दुमडलेलं असतं आणि आतल्या कोवळ्या पानाला कवेत घेतं. आता गाजराच्या दोन फोडींत धरून ब्लेडनं दोन काप काढा, एक बुडाचा आणि एक मधल्या तलवारीचा. सॅफ्रनिन या लाल रंगानं रंगवलं की झायलेम, म्हणजे पाणी वाहणारं प्रकाष्ठ, लालभडक दिसतं. बुडाच्या कापात इंग्रजी व्हीचा आकार, वाहक वृंदांची एक ओळ आणि प्रत्येक वृंदातलं झायलेम आतल्या बाजूला, म्हणजे खोडाकडे. कुठल्याही सरळसाध्या पानात असतं तसंच. तलवारीच्या कापात बघा, दोन ओळी. डाव्या ओळीचं झायलेम उजवीकडे तोंड करून, उजव्या ओळीचं डावीकडे. दोन्ही ओळींचं फ्लोएम, म्हणजे वृंदाचा अन्न वाहणारा भाग, बाहेर, दोन्ही त्वचांकडे. म्हणजे या पात्याला 'वरची बाजू' राहिलेलीच नाही. दोन्हीकडून बघा, दिसते ती खालचीच बाजू.

इथं एक कबुली देते. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका मुलीनं नेमकी हीच आकृती काढून दाखवली आणि मी तिला म्हटलं, "एक ओळ उलटी काढलीस. परत काप." तिनं तीनदा कापलं आणि तीनदा तेच काढलं. मी आकृतीवर लाल शेरा मारला. पुढे आर्बरबाईंचं 'द मोनोकॉटिलीडन्स' चाळताना तशीच आकृती दिसली, झायलेम काळं, फ्लोएम पांढरं, आणि मला त्या मुलीचा चेहरा आठवला. तिला शोधून माफी मागायला नको होती का? मागितली नाही. पण तेव्हापासून प्रात्यक्षिकाच्या वहीत 'उलटं काढलंस' असं लिहिण्याआधी मी स्वतः स्लाइड बघते.

परत मुद्द्यावर. वृंदांची अशी मांडणी आणखी कुठे दिसते? बऱ्याच गोल देठांत. आणि बाभळीच्या त्या पर्णाभवृंतातही, झायलेम आत आणि फ्लोएम दोन्ही बाजूंना बाहेर. कांद्याच्या पोकळ पातीत तर नुसतं वर्तुळच. आर्बरबाईंचा युक्तिवाद असा: मांडणी देठाची आहे, तर ही वस्तूही देठच. मग हृदयाकृती, रुंद पानांच्या एकदल वनस्पतींचं काय? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. जलपर्णीचं गोल हिरवं पान त्यांनी कापलं आणि वरच्या त्वचेलगतचे वृंद उलटे, फ्लोएम वर करून बसलेले दाखवले. त्यांच्या मते हे खरं पातं नव्हे, देठाचंच टोक रुंदावून झालेलं नकली पातं. एकदा गमावलेला अवयव उत्क्रांतीत जसाच्या तसा परत मिळत नाही. गरज पडली तर दुसऱ्याच कशातून तरी नव्यानं घडवावा लागतो. हा त्यांचा 'गमावण्याचा नियम'. पुराजीवशास्त्रज्ञ डोलो यांच्या अपरिवर्तनीयतेच्या नियमाचाच हा भाऊ, पण वनस्पतींवर आणि प्रत्यक्ष छेदांच्या आधारे मांडलेला.

मग 'मान्य नाही' ते कशामुळे? १९७०पासून पुढच्या दहाएक वर्षांत डोनाल्ड कॅप्लन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अकोरस म्हणजे वेखंड, बाभळीचे पर्णाभवृंत आणि इतर एकपृष्ठी, म्हणजे आयरिससारखी एकच बाजू उरलेली, पानं अगदी कोंबाच्या टोकाशी, पान नुसता उंचवटा असतं तेव्हापासून पाहिली. तयार पान कापण्याऐवजी ते घडताना पाहिलं. त्या उंचवट्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडतात. द्विदलांत वरच्या भागातून पातं आणि देठ, तर खालच्यातून पर्णतळ आणि उपपर्णं होतात. एकपृष्ठी तलवार या वरच्या भागातूनच वाढते. म्हणजे ती 'फक्त देठ' नाही, तर पातं आणि देठ मिळून जे होतं त्याच्या जागी ती आहे. बाभळीचा पर्णाभवृंतही नुसता देठ नसून देठ आणि पिसाचा कणा मिळून झालेला आहे, असं त्यांनी दाखवलं. आर्बरबाईंचं तुलनेचं मूळ उदाहरणच डळमळलं.

कॅप्लन बरोबर होते असं माझंही मत आहे, पण ते कोणत्या मुद्द्यावर बरोबर होते हे नीट बघा. वृंद उलटे आहेत हे कुणीच खोडलेलं नाही. खोडला गेला तो 'मांडणी देठाची, म्हणून अवयव देठ' हा उडीवजा निष्कर्ष. निरीक्षण तर पुढे जनुकांच्या पातळीवर जाऊन आणखी पक्कं झालं. जुंकस या लव्हाळ्यासारख्या एकदल वनस्पतीच्या एकपृष्ठी पानांवर २०१०मध्ये आलेल्या जपानी संशोधनात पात्याच्या सगळ्या बाजूंना 'खालच्या बाजूची' ओळख देणारी जनुकं चालू असलेली दिसली. ब्लेड आणि सॅफ्रनिननं १९१८मध्ये जे दिसलं, तेच.

गवताच्या पानाचा वाद तर अजून संपलेला नाही. विसाव्या शतकातली बरीच पुस्तकं गवताचं पातं आणि आवरक (खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग) दोन्ही पर्णतळाचंच रूप मानत आली. २०२१मध्ये 'सायन्स'मध्ये मक्यावरच्या जनुकीय कामाला संगणकी प्रतिमानाची जोड देऊन असा निष्कर्ष मांडला गेला की गवताचा आवरक द्विदलांच्या देठाशी जुळतो आणि पातं पात्याशी. ही एकोणिसाव्या शतकातली कल्पना होती, तिच्यावरची धूळ झटकली गेली. आर्बरबाईंच्या बाजूनं हा कौल नाही. पातं पात्याशी जुळत असेल तर त्यांचं 'पातं म्हणजे देठ' हे गणित चुकतंच. पण एकदल पानाचा कुठला भाग द्विदल पानाच्या कुठल्या भागाशी जुळतो, हा त्यांचा प्रश्न शंभर वर्षांनी पहिल्या पानावर आला. तुमच्या शिक्षकांनी पान उलटायची जरा घाई केली, एवढंच म्हणेन.

आता वाचायच्या क्रमाकडे. १९२०चं 'वॉटर प्लांट्स' आधी घ्या. हे त्यांचं सगळ्यात वाचनीय पुस्तक आहे. एकेक पाणवनस्पती घेऊन त्या तिचा जीवनक्रम सांगतात आणि मग प्रश्न विचारतात. सॅजिटेरियावरचा भाग आवर्जून वाचा. पाण्याखाली फितीसारखी पानं, वर आल्यावर बाणाच्या टोकासारखी. आपण डोळे मिटून लिहितो, 'पाण्याशी जुळवून घेण्यासाठी'. आर्बरबाई विचारतात, खरंच? गोबेल आदींच्या प्रयोगांच्या आधारे त्या दाखवतात की फितीची पानं ही रोपाची बालपणीची पानं आहेत आणि झाड कुपोषित झालं की मोठेपणीही ती परत येतात. पाण्यात ती उपयोगी पडत असतील, पण उपयोग हे कारण नव्हे. आज आपल्याला माहीत आहे की अशा दुहेरी पानांच्या कित्येक पाणवनस्पतींना ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक दिलं तर पाण्याखालीही हवेतल्यासारखी पानं येतात. कारणाची साखळी संप्रेरकांची निघाली, पण 'साठी' आणि 'मुळे' यांतला फरक त्यांनी तेव्हाच दाखवून ठेवला होता. उत्तरपत्रिकेत 'साठी' लिहिताना हात जरा थबकायला लागला की समजा, पुस्तक लागू पडलं.

त्यानंतर १९१८चा तो लेख, आणि मग 'द मोनोकॉटिलीडन्स', १९२५चं. हे मुळात सार्जंटबाई लिहिणार होत्या, ते काम आर्बरबाईंकडे आलं. सलग वाचू नका, मेंदूला मुंग्या येतील. एक प्रकरण घ्या, त्यातलं एखादं झाड मिळवा, मग वाचा.

'द ग्रॅमिनी', १९३४. तृणधान्यं, बांबू, गवतं. सुरुवातीला धान्यांचा आणि माणसाचा इतिहास आहे, तो नुसता गोष्टीसारखा वाचता येतो. मला स्वतःला बांबूच्या फुलांचा भाग फार आवडतो. गवताचं फूल म्हणजे आकसून आकसून उरलेलं फूल: दोन लॉडिक्यूल (तळाशी असणारे इवले खवले), तीन केसर, एक किंजपुट. बांबूंत बऱ्याचदा लॉडिक्यूल तीन आणि केसर सहा असतात. ऑकलँड्रा या बांबूत तर केसरांचा झुबका. ही सगळी एकाशेजारी एक ठेवली की गवताचं फूल 'साधं' नसून छाटलेलं आहे हे आपोआप कळतं. लॉडिक्यूल म्हणजे पाकळीच्या जागचा अवयव, हे मका आणि भातातल्या उत्परिवर्तनांनी २०००पासून पुढे पक्कं केलं. पाकळ्या घडवणारी जनुकं तिथे बिघडली की लॉडिक्यूलही बिघडतात. कणिशक, म्हणजे गवताच्या फुलांचा छोटा तुरा, सोलताना हे पुस्तक शेजारी उघडं असावं. सुई, भिंग आणि भरपूर संयम मात्र तुमचा तुम्ही आणायचा.

फुलांच्या शारीररचनेवरचे त्यांचे १९३०च्या दशकातले लेख तुम्ही पुढे पीएच.डी.साठी या विषयात उतरणार असाल तरच. पण त्यांतला एक इशारा आत्ताच ऐकून ठेवा. त्या काळी फुलातला प्रत्येक जास्तीचा वाहक वृंद म्हणजे नाहीशा झालेल्या एखाद्या अवयवाचं भूत, असं वाचायची टूम होती. वनस्पतिशास्त्रज्ञ एडिथ सॉन्डर्स यांनी अशाच वाचनावर किंजदलांचे अनेक प्रकार मांडले होते. आर्बरबाईंनी विचारलं, वृंद इतके जुन्या वळणाचे असतात हे ठरवलं कुणी? जिथे रस पोचवायचा आहे तिथे वृंद जातो. अवयव बदलला की तोही बदलतो. गंमत अशी की १९१८च्या लेखात त्यांनी स्वतः वृंदांच्या मांडणीवरूनच पूर्वज वाचला होता. विसंगती आहे का? मला तरी आहे असं वाटतं. पण पंधरा वर्षांत आपल्याच हत्याराबद्दल शंका घेणारा अभ्यासक मला जास्त विश्वासू वाटतो.

एवढं झालं की मग १९५०चं पुस्तक. त्यात त्यांची ती प्रसिद्ध कल्पना आहे: पान म्हणजे अपुरा कोंब. कोंब पूर्ण असतो, त्याला टोक असतं, तो वाढत राहतो, नवे अवयव देतो. पान हे त्याचंच खंडित रूप, आणि पूर्ण कोंब व्हायची ओढ त्याच्यात शिल्लक असते. 'ओढ' हा शब्द ऐकून बरेच जण पुस्तक मिटतात, मीही मिटलं होतं. पण ग्वारेआ या उष्णकटिबंधातल्या झाडाचं पान आठवा. पिसासारख्या त्या पानाच्या टोकाला एक कळी असते आणि वर्षानुवर्षं ती नवी पर्णिकांची जोडी देत राहते. पान आहे, पण थांबत नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेला सबंध रोपं फुटतात. आणि टोमॅटोच्या संयुक्त पानाच्या उंचवट्यात नॉक्स गटातली जनुकं चालू असतात, जी एरवी कोंबाच्या टोकाची खूण समजली जातात. साध्या पानांत ती सुरुवातीलाच बंद होतात. हे संयुक्त पानांच्या अनेक कुळांत दिसतं, सगळीकडे नाही. वाटाण्यात दुसरंच जनुक ते काम करतं. म्हणून 'आर्बर बरोबर ठरल्या' असं छातीठोक लिहू नका. लिहायचंच तर एवढं लिहा की खोड आणि पान यांच्यातली रेघ आपण पाठ करतो तितकी ठळक नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्फ सॅटलर यांनी पुढे ही रेघ पुसट धरूनच आपलं आकारविज्ञान उभं केलं, आणि रुटिसहाउझर व इस्लर यांनी २००१मध्ये युट्रिक्युलॅरिया या कीटकभक्षी वनस्पतीच्या अभ्यासात त्याला चक्क आर्बरबाईंचंच नाव दिलं: 'फझी आर्बेरियन मॉर्फॉलॉजी', म्हणजे आर्बरबाईंच्या धर्तीचं, पुसट रेघांचं आकारविज्ञान. युट्रिक्युलॅरिया पाहिली असेल तर कळेल का ते. तिचं खोड कुठलं आणि पान कुठलं हे ठरवताना दोन तज्ज्ञ भांडतात. 'वॉटर प्लांट्स'मध्ये आर्बरबाईही तिच्यापाशी अडखळल्या होत्या, आणि तसं त्यांनी लपवलं नाही.

१९१२चं 'हर्बल्स' हा छापील वनौषधी ग्रंथांचा इतिहास. छानच आहे, पण वेगळ्या वाटेचं; सुट्टीत वाचा. १९५४चं 'द माइंड अँड द आय' जीवशास्त्रज्ञ विचार कसा करतो यावर आहे. त्याला हात लावायची घाई नको, प्रबंध लिहायला बसाल तेव्हा ते स्वतःच हाक मारील.

शेवटची व्यवहारातली गोष्ट. १९१८चा लेख वाचायच्या आधी आयरिस कापून घ्या, आणि बुडापासून तलवारीपर्यंत निदान आठ-दहा काप ओळीनं काढा. दोन टोकांचे दोन काप बघून फरक कळतो. पण एका ओळीच्या दोन ओळी नेमक्या कुठे होतात, व्हीचे दोन हात कुठे मिटतात, ते मधल्या कापांतच दिसतं. तिथली आकृती आधी स्वतः काढा. मग बाईंची बघा. जुळली नाही तर लगेच खोडरबर घेऊ नका.